बुधवारची चिठ्ठी

भंडारा
४ जुलै १९७९

प्रिय सत्यवतीताई,

सलाम. मावशीच्या मयतीनंतर आपली भेट नाही, आणि आज लिहितो आहे तेही कामासाठीच. तुला मनोरुग्णांच्या स्त्रीवॉर्डात परिचारिका होऊन सतरा वर्षं झाली. मला पाळक होऊन अकरा, आणि समुपदेशक होऊन जेमतेम एक. तेव्हा मावसभाऊ म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून विचारतो आहे असं समज.

चर्चमागच्या जुन्या भांडारखोलीत मी सांत्वन-कक्ष उघडला, हे तुला ठाऊक आहे. दोन खुर्च्या, एक माठ, दाराला पडदा. कोणत्याही धर्माच्या माणसानं यावं, बोलावं आणि जावं. मागच्या रविवारी मी व्यासपीठावरून सांगितलं: हाड मोडलं की तुम्ही डॉक्टर शोधता, ताप आला की गोळी शोधता, आणि मन मोडलं की त्या माणसाचा अपराध शोधता! बाहेरचे म्हणतात भूत, करणी. आपले म्हणतात विश्वास कमी पडला. अरे, विश्वास त्याचा कमी पडला नाही, माया तुमची कमी पडली! ताई, मागच्या बाकांपर्यंत माणसं रडली.

काल, मंगळवारी, एक बाई आली. नाव धुरपता, सिहोऱ्याची, धान पिकवणाऱ्या घरची सून. वय चोवीस-पंचवीस. कडेवर चार महिन्यांचा मुलगा. बाळंतपण मिशनच्या दवाखान्यात झालं होतं, तिथल्या नर्सबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. नवरा इश्वर बाहेर बाकावर बसून राहिला.

तिनं पडदा नीट ओढून घेतला. मग म्हणाली, "झोप लागत नाई, पाद्रीबाबा. लेकरू रडते तं मले वाटते दुसऱ्याचं लेकरू रडून राहिलं. मी नसली तं हे बरं वाढंन."

मी प्रार्थना केली, तिनं हात जोडले, गेली. येत्या मंगळवारी येणार आहे. "मी नसली तं" याचा अर्थ काय घ्यायचा? स्पष्ट विचारावं, तर तिच्या मनात नसलेला विचार मीच घालीन अशी भीती. न विचारावं, तर मला चैन नाही. हजार माणसांपुढे मी घाबरत नाही. त्या एका बाईपुढे घाबरलो.

तुझा
ताराचंद

नागपूर
७ जुलै १९७९

ताराचंद,

पत्र मंगळवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून ड्यूटी संपल्याबरोबर स्टेशनवर जाऊन टाकते आहे. त्यामुळे थोडक्यात लिहिते.

विचार. सरळ शब्दांत विचार: "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार येत नाही. तो आधीच आलेला असतो आणि एकटा बसलेला असतो. कुणी विचारलं की बाईला पहिल्यांदा श्वास घेता येतो, हे मी सतरा वर्षं बघते आहे. बाळाबद्दलही विचार. त्याला काही करावंसं वाटतं का, तेही. लाजू नकोस.

घरात फवारणीचं औषध असेल. ते घराबाहेर गेलं पाहिजे. तिला एकटीला ठेवायचं नाही. घरातल्या कुणा एकाला सांगितलं तर चालेल, हे तिलाच विचार. ती ज्याचं नाव घेईल त्यालाच सांग. आणि इथे डॉक्टरांना दाखवायला आण. बाळंतपणानंतरचं हे दुखणं आहे, औषधानं उतरतं. आमच्याकडे आई आणि बाळ एकत्र राहू शकतील अशा दोन खोल्या आहेत.

तुझं रविवारचं भाषण वाचून वॉर्डात टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. पण दोन खुर्च्यांच्या खोलीत भाषण चालत नाही रे. तिथे तू कमी बोल.

सत्यवती

भंडारा
१९ जुलै १९७९

प्रिय ताई,

विचारलं! तू सांगितलंस तसंच, सरळ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या गावचा निघालो. म्हणाली, "हो. रोज वाटते." मग अर्धा तास बोलली. बाळाला काही करावंसं वाटत नाही. उलट आपला हात लागला तर त्याचं वाईट होईल, म्हणून ती त्याला कमी उचलते. आठ दिवसांपूर्वी एकदा तलावाच्या पाळीवर जाऊन बसली होती. शेतात धान लावणाऱ्या, रोवण्याच्या बाया तिकडून आल्या म्हणून परतली.

औषधाचा डबा गेला. ती युक्ती तिचीच. नवऱ्याला म्हणाली, लेकरू आता रांगेल, हा डबा भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी ठेवा. इश्वरनं त्याच दिवशी नेला.

घरात कुणाला सांगू, हे विचारलं. "सासूले नोको. मालकालेबी नोको. कोनालेच नोको. बस तुमाले सांगतलं." मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हा ती रडली. या मंगळवारी पुन्हा आली, चेहरा थोडा उजळ होता. नागपूरला येण्याचं नाव काढलं की मात्र गप्प होते. रोवणी आटोपली की बघू म्हणते.

ताई, माझा विश्वास आहे की ही बाई जगेल. आमची सारी मंडळी तिच्यासाठी प्रार्थनेत उभी आहे. एकट्या माणसाच्या प्रार्थनेत आणि शंभर माणसांच्या प्रार्थनेत जो फरक असतो तो तुझ्या औषधांच्या पुस्तकांत मिळणार नाही. म्हणून सांगतो, तुझ्या गोळ्या येतील तेव्हा येतील, आमचं काम सुरू झालं आहे.

तुझा
ताराचंद

नागपूर
२३ जुलै १९७९

ताराचंद,

एकच प्रश्न. तू शब्द दिलास की कुणाला सांगणार नाही. मग मंडळी तिच्यासाठी प्रार्थनेत उभी कशी?

तुमच्या चर्चमध्ये बुधवारी चिठ्ठ्या काढतात ना, अजून? मी लहान असताना आईबरोबर बसले आहे त्या सभेत. मला आठवतं, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं मला त्या सभेतच कळलं होतं. मी आठ वर्षांची होते.

ती चिठ्ठी लिहिली असशील तर आजच्या आज परत घे. उत्तर लिहीत बसू नकोस. आधी चिठ्ठी.

सत्यवती

भंडारा
१४ ऑगस्ट १९७९

प्रिय ताई,

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही. तू ओळखलं असशीलच.

हो, चिठ्ठी लिहिली होती. तुला रीत ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण मला ती स्वतःला पुन्हा ऐकवायची आहे. बुधवारच्या सभेत विनंत्या वाचल्या जातात. प्रत्येक विनंतीची चिठ्ठी टोपलीत पडते. ज्याच्या हाती जी येईल त्यानं आठवडाभर ती उपास-प्रार्थनेत वाहायची, आणि आठव्या दिवशी त्या माणसाला जाऊन भेटायचं. ओझं एकमेकांचं वाहा, असं मीच शिकवलं आहे. ही भेटीची रीत तर मीच घातली. आधी नुसती प्रार्थना होती. मी म्हटलं, प्रार्थनेला पाय हवेत!

नाव लिहिलं नव्हतं, ताई. एवढंच लिहिलं: "सिहोरा. चार महिन्यांच्या बाळाची आई. मरण मागते." नाव नाही म्हणजे शब्द मोडला नाही, असं मी मनाशी ठरवलं. खरं तर यापेक्षाही वाईट ठरवलं होतं. मला वाटलं, मी माणसांना सांगतच नाही, देवाला सांगतो आहे. माणसं फक्त तिथे बसलेली आहेत.

चिठ्ठी सुंदरबाईंना आली. मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करून म्हातारी झालेली विधवा. सात दिवस एकवेळ जेवून राहिली. आठव्या दिवशी बाळासाठी स्वतः विणलेली टोपी आणि डझनभर केळी घेऊन एस.टी.नं सिहोऱ्याला उतरली. पत्ता नव्हता. मग तिनं स्टँडवर विचारलं. काय विचारलं असेल? चिठ्ठीत होतं तेच: "चार महिन्यांचं लेकरू असलेली, मरण मागणारी बाई कोणत्या घरची?"

पानठेल्यावाल्यानं घर दाखवलं.

अंगणात रोवण्याच्या वीस बाया जेवत होत्या. धुरपता वाढत होती. सुंदरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, रडत प्रार्थना केली: "प्रभू, या लेकीच्या मनातून मरणाचा विचार काढ." त्यांच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं. परत आल्या त्या मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, सासू किती भांडखोर आहे हो! टोपीसुद्धा घेतली नाही."

तुझं पत्र मला बुधवारी, २५ जुलैला मिळालं. सुंदरबाई गुरुवारी सकाळी निघाल्या. त्यांचं घर माझ्यापासून चार घरं पलीकडे आहे. मध्ये आख्खी संध्याकाळ होती. ती मी तुझ्यावर रागावण्यात घालवली. प्रार्थनेवर बोट ठेवणारी ही कोण, असं म्हणून मी तुला सहा पानी उत्तर लिहीत होतो. ते फाडलं.

पुढचं ऐक. पाच ऑगस्टला उपासना संपल्यावर इश्वर दारात उभा. "तुमची पूजा झाली असंन तं माझंबी ऐका, पाद्रीबाबा." सासू, सत्यभामाबाई, यांनी सुनेला कारध्याला माहेरी धाडलं आहे. बाळ ठेवून घेतलं. "मरनारीच्या पदरात नातू देऊ का?" असा त्यांचा सवाल. बाळाला गाईचं दूध पाजतात, त्याला ते पचत नाही. आणि कारध्याला ही, अंगावरचं दूध पिळून जमिनीवर टाकते. मी दोनदा नदी ओलांडून गेलो. तिचा भाऊ मला ओट्यावरच अडवतो: "आमच्या बहिनीले किरिस्ताव करून झालं नाई का अजून?"

सत्यभामाबाईंची अट आहे. पाद्र्यानं चार माणसांत येऊन सांगावं की बाई असं बोललीच नव्हती, मीच मनानं रचलं. मग पोळ्याच्या आत सून घरात घेईन, लेकरू पदरात देईन. इश्वर माझे पाय धरत होता. "एक खोटं बोला ना बाबा. तुमाले काय लागते? माझं घर वाचते."

काय लागतं? अकरा वर्षं मी खोट्याविरुद्ध गरजलो आहे. पण खरं बोलून मी आई आणि बाळ तोडलं, हेही दिसतं आहे. मला सांग, काय करू? तू सांगशील ते करीन.

ताराचंद

नागपूर
१७ ऑगस्ट १९७९

ताराचंद,

खरं बोलून तू त्यांना तोडलं नाहीस. दुसऱ्याचं खरं आपलं समजून लोकांत वाटलंस, म्हणून तोडलंस. हे आधी नीट समज, नाहीतर पुढचंही चुकेल.

मी सांगीन ते करणार? माझ्याकडे का विचारतोस? मी कोण? शास्त्र कोण, सत्यभामाबाई कोण, इश्वर कोण? तिला विचार. कारध्याला जा, भाऊ अडवेल, तरी जा. आईला भेट, मिशनच्या नर्सबाईंना पाठव, काहीही कर. पण तिच्या कानात विचार: "तुझ्या सासूला मी काय सांगू?" ती जे म्हणेल ते. खोटं बोला म्हणाली तर बोल, आणि त्याचं पाप माझ्या खात्यावर लिही. पण तिला न विचारता एक अक्षर बोलू नकोस.

एक विचार कर. आज चार माणसांत तिचं म्हणणं खोटं ठरलं, आणि उद्या ती पुन्हा म्हणाली, तर ऐकणार कोण?

ती एकटी नाही ना, एवढं बघ. आई जवळ झोपते का? आणि इश्वरकडे आमच्या वॉर्डाचा पत्ता लिहून दे. कुणीही, केव्हाही आणलं तरी मी आहे.

घाई करू नकोस.

सत्यवती

भंडारा
२१ ऑगस्ट १९७९

प्रिय ताई,

तुझं पत्र काल सोमवारी आलं. मी रविवारीच जाऊन आलो होतो.

शनिवारी इश्वर पुन्हा आला. पोळा बुधवारी, आई म्हणते उद्याच करा नाहीतर पुढच्या वर्षी. मी उपासना दुसऱ्याला सोपवली आणि सिहोऱ्याला गेलो. तिला विचारलं नाही. मला वाटलं, मी तिच्यासाठी माझं सत्य बळी देतो आहे. केवढा त्याग! एस.टी.त बसून मी स्वतःच्या त्यागानं गहिवरलो होतो.

तेच अंगण. आळीतली माणसं जमली होती. सोमाजी म्हणून एक वयस्क, त्यांना खाट दिली होती. सत्यभामाबाई बाळाला घेऊन दारात. धुरपताला भावानं कारध्याहून आणलं होतं, ती भिंतीला टेकून उभी. महिन्यात अर्धी झाली आहे. बाळ तिच्याकडे बघून रडलं. तिनं हात पुढे केले नाहीत.

सत्यभामाबाई म्हणाल्या, "बोला महाराज. सभेत मोठे फर्डे बोलता म्हनते. आमालेबी ऐकू द्या."

मी बोललो. म्हटलं, ही लेक थकली होती एवढंच म्हणाली. बाकीचं माझ्या मनाचं. धर्माच्या उत्साहात माणूस राईचा पर्वत करतो, तसा मी केला. या घराण्याची मी बदनामी केली, दोष माझा, हिच्या तोंडून असला शब्द कधी निघाला नाही. आणि ताई, मी उत्तम बोललो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं आपोआप आलं. बायांनी पदर डोळ्याला लावले. सोमाजी म्हणाले, "झालं. मानूस कबूल झाला. मिटलं आता. सत्यभामा, च्या ठेव."

तेव्हा ती बोलली. आवाज एवढा बारीक की आधी कुणाला कळलंच नाही.

"पाद्रीबाबा खोटं बोलून राहिले."

भाऊ ओरडला, "गप ना, बाई!"

"काहून गप राहू? म्हनली होती मी. त्या दिवशी म्हनली, आजबी म्हनते." मग माझ्याकडे वळली. डोळ्यांत राग असता तर मी सोसला असता. "तुमी गावभर केलं, तं मले लाज वाटली. पर मनात म्हटलं, एका मानसानं तं माझं खरं मानलं. आता तुमीबी म्हनता का मी म्हनलीच नाई. मंग मी कोनाले सांगू?"

इश्वर जमिनीवर बसला, डोकं हातांत धरून. मला वाटतं त्याला ते त्याच क्षणी खरंखुरं ऐकू आलं. मी तोंड उघडलं. कसंबसं म्हटलं, "तिचं खरं आहे. मी आत्ता खोटं बोललो."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "एकदा खरं, एकदा खोटं, मंग आनखी खरं. चाला, निंघा तुमी. पाय नोका ठेवू या अंगनात."

निघालो. इश्वर फाट्यापर्यंत आला. मी एस.टी.च्या तिकिटामागे तुझं नाव आणि वॉर्ड लिहून त्याच्या खिशात घातलं. त्याला एवढंच सांगितलं की आज रात्री तिला एकटी सोडू नको, आणि सकाळी पहिली गाडी धर. त्यानं मान हलवली की नाही, हेही मला सांगता येत नाही.

नंतरचं काही ठाऊक नाही. माहेरी परत नेली, की तिथेच ठेवली, की काय. सिहोऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारावंसं वाटतं आणि आता विचारण्याचीही भीती वाटते. कुणाचं नाव घेऊन विचारू?

मागच्या बुधवारी टोपली ठेवली नाही. सुंदरबाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं, माझी चूक झाली, तुमची नाही. पण काय चूक झाली हे सांगताना पुन्हा तिचीच गोष्ट सांगावी लागेल, म्हणून थांबलो. त्या अजून समजतात की मी त्यांच्यावरच रुसलो आहे.

तिकडे कुणी आलं का, एवढंच कळव.

ताराचंद

नागपूर
४ सप्टेंबर १९७९

ताराचंद,

आली. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, वरठीहून पॅसेंजरनं. इश्वर, ती, बाळ, आणि सत्यभामाबाई. होय, त्याही. कशा आल्या, का आल्या, मी विचारलं नाही. दारात मला एवढंच म्हणाल्या, "हे खरंच दुखनं असते का बाई? का आमाले फसवून राहिले?" मी म्हटलं, असतं. आता बाळाला सांभाळत त्याही तिच्याच खोलीत झोपतात. सुनेशी बोलत नाहीत, पण हलतही नाहीत.

औषध सुरू आहे. आठ-पंधरा दिवस काही दिसणार नाही, आणि मधले दिवस फार जपावे लागतात. बरी होईल का, असं तू विचारशील. बहुतेक होतात. सगळ्या होत नाहीत. यापेक्षा जास्त सांगितलं तर मीही व्यासपीठावर चढल्यासारखं होईल.

तू भेटायला येऊ नकोस. तिनं बोलावलं तर कळवीन. तिनं बोलावलेलं नाही. सांत्वन-कक्ष बंद करतो असं लिहिण्याच्या बेतात असशील, तर तेही करू नकोस. दुखावलेली माणसं येत राहणार. दोन खुर्च्या कुठेतरी असायलाच हव्यात. फक्त त्या खोलीत गेलेलं त्या खोलीतच राहू दे, देवासमोर बोलायचं तेही.

पहिले तीन दिवस ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला.

"बाई, तुमीबी प्रार्थना करता का?"

"करते."

"मोठ्यानं, का मनात?"

"मनात."

आरशात ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बोलायला लागली, आणि वेणी घालून झाली तरी बोलत होती.

काय बोलली, ते मी तुला लिहिणार नाही.

सत्यवती